लिव्हर डावीकडे

४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या सुटकेची तारीख ठरली: एप्रिलचा शेवटचा दिवस. काल तुरुंगाच्या फाटकावरच्या कारकुनाने वहीत बघून सांगितलं. माझा विश्वास बसत नाही असं वाटून त्याने त्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. भेटीची वेळ टळून गेली होती, आत सोडलं नाही, म्हणून हे पत्र.

आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "येऊ दे की. पण आधी विचार त्याला, येतोय कुठे? घरी का वखारीत?"

माझाही प्रश्न तोच आहे. तुमचे दादा लाकडाच्या वखारीत गेले ते गोल करवतीने उडवलेली फळी छातीत बसून. फळी उडू न देणारी करवतीमागची पाचर मालकाने काढून ठेवली होती, काम भराभर उरकावं म्हणून. वर म्हणाला, माणूस प्यायलेला होता. मग तुम्ही पहार घेऊन गेलात आणि त्याचा गुडघा असा फोडलात की तो अजून कुबडीवर चालतो. दादा त्याने परत आले नाहीत. तुम्हीही गेलात, आणि घरात आम्ही दोघी उरलो.

जानेवारीच्या वादळात मागच्या उतारावरची आपली झाडं आडवी झाली. दुसऱ्याच दिवशी मालकाचा मोठा मुलगा दारात. "ओंडके आम्ही उचलतो, वहिनी. दुसरं कोण कापणार आहे?" म्हटलं, बघते.

तुम्ही तिथे फर्निचरच्या खात्यात पट्ट्याची करवत चालवता. उतारावरून ओंडका खाली ओढण्यापेक्षा करवतच ओंडक्याकडे नेता येईल, अशी मशीन मला घरी बनवायची आहे. दादांचं वेल्डिंगचं सामान शेडमध्ये तसंच आहे. वेल्डिंगची रेघ दादांपेक्षा माझी सरळ येते, असं तुम्हीच म्हणायचात.

करवत आपली असली की वखारीच्या फाटकाशी तुमचं काही काम उरत नाही. मला एवढंच हवं आहे. मशीन कशी करायची ते लिहा. आणि कोणावर हात उगारणार नाही, असंही लिहा. दोन्ही एकाच पत्रात.

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

फर्निचर खात्याच्या मास्तरांनी तुमचं पत्र वाचलं आणि मशीन होईल म्हणाले. त्यांनी हो म्हटलं म्हणजे होते. आमची पत्रं वाचणाऱ्या साहेबांना विनंती, खालची आकृती बंदुकीची नाही, करवतीची आहे. काळी शाई फिरवू नये.

मोटारीची दोन सारख्या मापाची चाकं घ्या. टायर काढा आणि रिमवर व्ही-बेल्ट चढवा, त्यावर पातं बसेल. एक चाक इंजिनाने फिरेल. दुसरं सरकतं ठेवा आणि मोटार उचलायच्या जॅकने बाहेर ढकला, म्हणजे पात्याला ताण येईल. ओंडका जागेवर राहतो आणि करवतीचा गाडा त्याच्यावरून सरकतो, म्हणून खाली अँगलचे रूळ टाका. रूळ वाकडे तर फळी वाकडी. विहिरीवरचं डिझेल इंजिन चालेल. पात्यावर पाण्याची धार थेंब थेंब पडू द्या, नाहीतर डिंक धरतो. गाडा ढकलायच्या मुठीवर, उजव्या हाताला, स्कूटरच्या ब्रेकचा लिव्हर लावा आणि त्याला इंजिनाची रेस जोडा. लिव्हर सोडला की इंजिन मंद झालं पाहिजे. चाकांवर पत्र्याचं झाकण असल्याशिवाय एकदासुद्धा चालवायची नाही. पातं तुटलं तर ते सुटून चाबकासारखं येतं. इथे एकाचा गाल दातांपर्यंत उघडलेला मी पाहिला आहे.

इंजिनाला हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. पलीकडून आवळलात आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटत नाही.

आता दुसरं. हात उगारणार नाही, शब्द देतो. वखारमालक समोरून आला तरी मी रस्ता बदलेन. पण तुमच्या किंवा आईच्या अंगाला त्या घरातल्या कोणी हात लावला तर हा शब्द तिथेच संपला. हे आधीच सांगून ठेवतो, मागून फसवलं म्हणू नका.

आईला म्हणावं, मी घरीच येतोय. तिच्या हातचं जेवून पुन्हा तुरुंगातलं बरं होतं असं म्हणायला.


६ मार्च

भाऊजी,

सांगाडा झाला होता आणि त्यातला अर्धा पुन्हा करावा लागतोय. शेड जळाली. वेल्डिंगची ठिणगी भुशाच्या पोत्यावर पडली आणि मला कळलं नाही. लोखंडाला काय होतंय, पण बेल्ट, वायरी, पत्र्याखालची लाकडं गेली. आईंच्या छातीत धूर गेला, दोन दिवस खोकत होत्या. खोकतानाही बोलायचं थांबवलं नाही, त्यामुळे काळजी नव्हती.

चाकं वाचली. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने ती भंगारातून काढून दिली होती. त्यानेच पुन्हा घासून, फिरवून बघितली. एक किंचित लचकतं. तो म्हणतो, त्याच्या सासऱ्याएवढं नाही.

जॅकची तुमची युक्ती चांगली आहे. पातं ताणलं की बोटाने टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा, हे मी आपलं आपण शोधलं. सैल असलं की भद्द वाजतं.

तुम्ही तिकडे शांत राहा. थोडे दिवस उरलेत.

वहिनी


१४ मार्च

वहिनी,

शेड ठिणगीने जळाली नाही. पंक्चरवाला रविवारी भेटायला आला होता, त्याच्याकडून कळलं. बिचारा सांगायला आला नव्हता. मी एवढंच म्हटलं की वहिनी भुशाचं पोतं वेल्डिंगजवळ ठेवायच्या नाहीत, आणि त्याचा चेहरा पडला. मालकाचा मोठा मुलगा आणि वखारीची दोन माणसं भर दुपारी आली, डिझेल ओतलं आणि पेटवलं. आई आत होती हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते पंक्चरवाल्याला सांगता आलं नाही. तुम्हाला येईल.

तुम्ही माझ्याशी खोटं का लिहिलंत ते मला कळतं. तरी लिहायला नको होतं. इथे सगळेच खोटं बोलतात. गेल्या आठवड्यात कामावर असताना एकाने दुसऱ्याच्या मांडीत पटाशी मुठीपर्यंत घातली. आम्ही तिथेच उभे होतो. विचारल्यावर प्रत्येक जण म्हणाला, मी पाठमोरा होतो. मीही म्हणालो. दिवसभर असं बोलून झाल्यावर संध्याकाळी तुमचं पत्र वाचायला घेतो. आता ते वाचतानाही ओळीमागे काय आहे ते बघावं लागणार.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक जण आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात. त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाई घाबरतेय. तिकडच्यांना नाही, तुला." पैलवानाला अक्कल कमी, पण हे बरोबर बोलला.

तुमच्या अंगाला कोणी हात लावला का? एवढंच लिहा.


२७ मार्च

भाऊजी,

पहिली फळी निघाली. आईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि "चढउतार नाही" असा निकाल दिला.

अक्षर वेगळं दिसेल. मी सांगतेय आणि शेजारच्या शिवणाच्या बाई लिहितायत.

आगीबद्दल खोटं लिहिलं, ते चुकलं. आता खरं लिहिते. ते आले तेव्हा मी शेडमध्ये होते आणि आई शेडच्या मागच्या खोलीत. मालकाच्या मोठ्या मुलाने डिझेलचा डबा उलटा केला. मी जॅकचा दांडा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. भुवई फाटली, डोळा रक्ताने भरला, तरी त्याने काडी ओढली. आईंना मी ओढत बाहेर काढलं. त्या आत आहेत हे त्याला माहीत नव्हतं. बाहेर आल्या तेव्हा त्याचं तोंड मी पाहिलं आहे, म्हणून सांगते. मला कोणी हात लावला नाही. मीच लावला.

आता मशीनचं. गाडा छान सरकतो. पातं चाकावर थोडं पुढे सरकायचं, ते सरकत्या चाकाचा बोल्ट पिळून सुधारलं. एक विचारायचं आहे: रेसचा लिव्हर डावीकडे घेता येईल का? तार कुठून फिरवायची? मला तसं सोयीचं पडेल.

कारण तुम्ही विचारणारच, म्हणून लिहिते. इंजिनाच्या हँडलने उलटा झटका दिला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आहे. एवढंच, दुसरं काही नाही.

वहिनी


३ एप्रिल

वहिनी,

लिव्हर डावीकडे घ्यायचा तर तार इंजिनाच्या मागून न्या, पुढून नाही. पुढून नेली तर पट्ट्यात अडकेल. वळण मोठं ठेवा. मुठीचा बोल्टही बदला, डाव्या हाताचा जोर वेगळा पडतो.

मनगट हँडलने मोडलं, असं तुम्ही सांगता. शेड ठिणगीने जळाली होती, तसंच. बरं.

वर्षभर मी इथे मोडलेले हात बघतोय. हात कोण मोडतं आणि मोडलेल्यांना काय सांगावं लागतं, तेही बघतोय. तुम्ही त्याचं तोंड फोडलंत आणि तो गप्प बसला, हे माझ्या गळी उतरत नाही. दुसऱ्याकडून पत्र लिहवून घ्यायची वेळ आली तरी तुम्ही मलाच सांभाळताय.

मी शब्द मोडलेला नाही. इथे बसून मोडणार तरी कसा?

पैलवान परवा सुटला. तुमच्याकडे येणार नाही, काळजी नको. त्याचं तिकडे एक काम आहे, ते करून तो त्याच्या गावी जाईल.

आईला नमस्कार.


१२ एप्रिल

भाऊजी,

वखारीच्या मोठ्याचा उजवा हात मनगटापासून गेला. ज्या डॉक्टरने माझं प्लास्टर घातलं, त्यानेच काल ते सांगितलं. हात जोडता येईल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, जोडायला काही आणलंच नाही त्यांनी.

पुढचं मी पाहिलेलं नाही. वखारीतल्या ज्या माणसाने हात कपड्यात गुंडाळून त्याला दवाखान्यात नेलं, त्याच्या तोंडून ऐकलं. सकाळी काम चालू असताना एक आडदांड अनोळखी माणूस आत आला. लाकूड बघायचंय म्हणाला. मोठा त्याला करवतीजवळ घेऊन गेला. त्याने मोठ्याची मान काखेत धरली, उजवा हात पिरगळून टेबलावर दाबला आणि ओंडका ढकलावा तसा पुढे ढकलला. करवत थांबली नाही, म्हणे. तिला कळलंही नाही. आणि ढकलायच्या आधी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा वहिनीच्या हाताचा."

माझा हात हँडलने मोडला, भाऊजी. अंगठा पलीकडून आवळला होता. तुम्ही लिहिलं होतंत, मी वाचलंही होतं, पण त्या दिवशी इंजिन धरत नव्हतं आणि मला राग आला होता. झटका आला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आईंनी अंगणातून ऐकला. त्यांना वाटलं, पातं तुटलं.

एक गोष्ट मी पत्रात गाळली होती. तुम्हाला आवडणार नाही म्हणून गाळली. मी रस्त्याच्या कडेला हात धरून बसले होते. पंक्चरवाला दुकानात नव्हता. वखारीचा ट्रक आला. मोठा चालवत होता, भुवईवर टाक्यांची खूण. तो थांबला, खाली उतरला आणि पलीकडचं दार उघडलं. मी चढले. त्याने मला दवाखान्यात नेलं आणि नंबर येईपर्यंत बाकावर शेजारी बसून राहिला. त्या घरातल्या कोणी माझ्या हाताला हात लावला असेल तर तो असा.

हे मी २७ मार्चला लिहिलं असतं तर त्याचा हात आज जागेवर असता. मी लिहिलं नाही, आणि जे लिहिलं ते तुम्ही खरं मानलं नाहीत.

मालकाने तक्रारीत माझं नाव दिलंय. मीच माणूस पाठवला, असं. वखारीतल्या सगळ्यांनी ते वाक्य ऐकलंय, त्यामुळे ठाण्यातल्यांना दुसरं काही शोधायची गरज वाटत नाही. दोनदा बोलावून झालं. तिसऱ्यांदा कपडे घेऊन या म्हणालेत. आई एकट्या राहतील.

हे पत्र तुमचे साहेब वाचणार, मला माहीत आहे. मी कोणाचं नाव लिहिलेलं नाही. लिहिण्यासारखं नाव एकच आहे, आणि ते लिहायचं काम माझं नाही.

वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

मी सांगितलं. काल सकाळी जेलरसाहेबांसमोर जबाब दिला आणि त्यांनी माझ्यादेखत तुमच्या ठाण्याला फोन केला. तुमचा ह्यात संबंध नाही हे त्यांनी दोनदा म्हटलं, मी मोजलं.

पैलवान बसस्थानकावरच सापडला होता. मला जेलरसाहेबांनी सांगितलं. चार दिवस मार खाऊनही त्याने तोंड उघडलं नाही. तो मला दिलेला शब्द पाळत होता. मी त्याला म्हटलं होतं, हात मोडून ये. त्याने कसा मोडला ते तुमच्या पत्रातून कळलं. हे सांगून मी सुटत नाही. नुसता मोडला असता तरी तो चुकीच्याच माणसाचा होता.

तुम्ही लिव्हर डावीकडे घ्यायचा म्हटलंत आणि मी सगळं बघितलं. तुमचा हात कोणी धरला, कुठल्या बाजूला पिरगळला, तेव्हा तो हसत होता की नाही, सगळं. रात्रभर बघत होतो. ट्रकचं दार मला दिसलं नाही.

तीस तारखेला फाटक उघडेल, पण बाहेर पोलिसांची गाडी असेल. नवा खटला चालेल. मास्तर म्हणाले, किती वर्षं ते विचारू नकोस, काम कर. मशीन तुमच्याकडेच राहू द्या. कोणाला देऊ नका. मी येऊन चालवेन असं आता म्हणत नाही.

आईला तुम्हीच सांगा. माझ्याच्याने लिहवत नाही.

ट्रकमध्ये तो काही बोलला का?


२६ एप्रिल

भाऊजी,

माझं नाव तक्रारीतून काढलं. हवालदार घरी येऊन सांगून गेला. आईंनी त्याच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं, मग पाणी दिलं.

तुमचं आईंना सांगितलं. त्यांनी तुमच्या पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "खरं बोलला ना? मग पत्र घाल त्याला. आणि लिही, की जेवण तिकडचंच बरं म्हणत होता, तर खा आता." पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसल्या का रडल्या, मी बघायला गेले नाही.

मंगळवारी मालकाचा धाकटा मुलगा आला. हातात घण होता. सरकत्या चाकावर घाव घातले, चाक कागदासारखं दुमडलं. पंक्चरवाला मध्ये पडला, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. मी डाव्या हाताने पान्हा फेकला, तो लागला नाही. जाताना, तोवर आलेल्या हवालदारासमोर म्हणाला, "भावाचा एक गेला. तिचे दोन्ही घेतो." हवालदाराने लिहून घेतलं. पकडलं नाही. मालक कुबडी टेकून ठाण्यात बसून होता.

चाक नवीन बघितलंय. पंक्चरवाला एका खांद्याने टायर काढतो आणि माझ्याकडे बघून म्हणतो, "आपल्या दोघांचं मिळून एक धड माणूस होतं." झाकणाचा पत्रा सरळ केला. पुढच्या आठवड्यात मशीन चालेल. उतारावरचे ओंडके उन्हाने फाटायच्या आत कापायला हवेत.

तुम्ही विचारलंत, ट्रकमध्ये तो बोलला का. एकदा बोलला. म्हणाला, "रस्ता खराब आहे, हात मांडीवर धरून ठेवा." मी धरला. दवाखान्याच्या बाकावर मी त्याला विचारलं, आई आत आहेत हे माहीत होतं का? त्याने मान हलवली, नाही. मग म्हणाला, "बाबांना सांगितलं नाही मी. की त्या आत होत्या." त्याला ते कोणाला तरी सांगायचं होतं आणि मीच समोर होते.

सोमवारी त्याला दवाखान्यातून सोडणार आहेत. माझं प्लास्टर काढायचा दिवसही सोमवारच आहे. डॉक्टर म्हणाला, तुम्ही बुधवारी या, गर्दी नसते. गर्दीबद्दल तो बोलत नव्हता. मी म्हटलं, सोमवारीच येते.

धाकटा त्याला न्यायला येणार, आणि एकटा येणार नाही. हवालदार म्हणाला, दवाखान्याच्या फाटकावर एक माणूस ठेवू. आई येते म्हणतात. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "जाळायला निघाला होता तो मला. बघायला जायचा हक्क माझा आधी."

प्लास्टर कापतात ती खोली आणि पट्ट्या बदलतात ती खोली शेजारी आहे. बाहेर एकच बाक आहे. मी लवकर जाऊन तिथे बसणार आहे. मोठा बाहेर आला की उठून जागा देईन. हँडलचं, तुमच्या चुकीचं, मी न लिहिलेल्याचं, सगळं धाकट्यासमोर सांगेन. तो ऐकून घेतो की त्याआधीच हात उगारतो, ते सोमवारी अकराच्या सुमारास कळेल.

वहिनी